उंदरांच्या यकृतावर ‘सिद्ध’ झालेलं तेल माणसाने प्यावं का?

खलबत्ता
रविवार, रात्री ९:४०

परवा सदाशिव पेठेत चुलत सासऱ्यांकडे गेले होते. वय एकाहत्तर, पेन्शनर, सकाळी सारसबागेत ठरलेला कट्टा. यंदाच्या तपासणीत एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या पेशींतलं एन्झाइम, रक्तात ६८ निघालं आणि सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’. चहा यायच्या आत त्यांनी कपाटातून बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. जवसाचं तेल, पाव लिटर. वर हिरवं पान, खाली ‘यकृतरक्षक, शास्त्रीय प्रयोगांनी सिद्ध’. बाटलीला रबरबँडने गुंडाळलेली एका शोधनिबंधाची झेरॉक्स, कट्ट्यावरच्या मित्राने दिलेली. दोनच पानं, सारांश आणि एक तक्ता. पद्धतीचं पान गायब. एसजीपीटीची ओळ पिवळ्या हायलायटरने रंगवलेली.

“तू फार्मसीवाली ना? मग सांग, रोज किती चमचे?”

मी म्हटलं, बघून सांगते. आणि घरी येऊन बसले ती बसलेच, कारण वीसेक वर्षांपूर्वी एम.फार्म.ला मी हाच प्रयोग केला होता. तेल जवसाचंच, विष तेच. काकांना फोनवर दोन वाक्यांत सांगता येईना, म्हणून इथे लिहितेय.

प्रयोग असा असतो. दीडशे-दोनशे ग्रॅमचे पांढरे उंदीर, एका पिंजऱ्यात सहा, असे पाच-सहा पिंजरे. एका गटाला काहीच इजा करायची नाही. एकाला नुसतं विष. एकाला सिलीमारिन, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची ते प्रस्थापित औषध, आणि वर विष. बाकीच्यांना तुमचं तेल कमी, मध्यम, जास्त मात्रेत, आठवडाभर किंवा त्याहून जास्त दिवस तोंडावाटे, आणि शेवटी विष. साधारण चोवीस तासांनी रक्त काढायचं आणि यकृत बाहेर.

विष म्हणजे बहुतेक वेळा कार्बन टेट्राक्लोराइड. एके काळी आग विझवायला आणि ड्रायक्लीनिंगला हेच वापरायचे. गोडसर वास येतो. ओझोनच्या थराला घातक म्हणून मॉन्ट्रियल करारात सापडलं आणि २०१० पर्यंत त्याचा असा वापर संपला, प्रयोगशाळेत आणि कारखान्यांत दुसरी रसायनं बनवायला तेवढं उरलं. हे द्रव्य मुळात फारसं काही करत नाही. यकृतातलं सीवायपी-टू-ई-वन नावाचं एन्झाइम त्याचा एक क्लोरीन सोडवतं आणि मागे राहतो ट्रायक्लोरोमिथाइल रॅडिकल. त्याला ऑक्सिजन मिळाला की आणखी जहाल. तो पेशीच्या पडद्यातल्या असंतृप्त मेदाम्लाला डसतो, ते मेदाम्ल शेजारच्याला, तो पुढच्याला. तेल खवट होतं ना, तेच हे, फक्त जिवंत पेशीत. पडदा फाटला की आतलं एसजीपीटी रक्तात सांडतं. आपण मोजतो ते हे सांडलेलं.

निरोगी उंदराचं यकृत गडद तांबूस तपकिरी, तुकतुकीत, कडा सुरीसारख्या. विष दिलेल्याचं फिकट, पिवळट, ठिपक्याठिपक्यांचं, कडा जाडसर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं हे वेगळ्याच प्राण्याचं आहे. सूक्ष्मदर्शकाखाली काप बघितला तर मधल्या शिरेभोवतीच्या पेशी मेलेल्या आणि आसपासच्या पेशींत गोल गोल पोकळ्या. त्या पोकळ्यांत चरबी होती. काप तयार करताना झायलीनमध्ये विरघळून गेली. मधल्या शिरेभोवतीच का? कारण ते एन्झाइम तिथेच जास्त असतं.

आता मुद्दा. तेल दिलेल्या गटात एसजीपीटी कमी वाढलं, एवढ्यावरून तेलाने यकृत ‘राखलं’ असं म्हणता येत नाही. तेलाने ते एन्झाइमच मंदावलं असेल तर विष तयारच झालं नाही. चोर घरात शिरलाच नाही आणि आपण कुत्र्याची पाठ थोपटतोय. काका कार्बन टेट्राक्लोराइड पीत नाहीत. त्यांचं यकृत बाकरवडी आणि बैठकीने सुजलंय. त्या सुजेला हे एन्झाइम मंदावून कितपत फरक पडणार?

दुसरा मुद्दा मात्रेचा. उंदराला किलोमागे दोन मिली दिलं असेल तर शरीराच्या पृष्ठभागाचा हिशेब लावून, म्हणजे ६.२ ने भागून, साठ किलोच्या माणसाला जवळपास वीस मिली होतं. चार छोटे चमचे. तेवढ्या तेलात दीडशेच्या वर कॅलरी. फॅटी लिव्हरला रोज दीडशे कॅलरी वरून, आणि त्याला म्हणायचं यकृतरक्षक!

जाणकारांनी भर घालावी. चुकलं असेल तर तेही सांगावं.

वाचनमात्र
रविवार, रात्री ९:५८

वाचनखूण साठवली आहे. बाकरवडीला मात्र मध्ये आणायला नको होतं.

घाण्याचा_बैल
रविवार, रात्री १०:२६

ताई, आमचा सिंहगड रस्त्याला लाकडी घाणा आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत जवस तेल मागणारे फार वाढलेत. निम्मे हृदयासाठी, निम्मे लिव्हरसाठी. मी कधीच कुणाला ‘या आजारावर घ्या’ म्हणत नाही, गिऱ्हाईकच मला सांगतं की हे कशावर चालतं!

खवट होण्याचं लिहिलंत म्हणून सांगतो. शेंगदाणा, तीळ, करडई, खोबरं, जवस, सगळं आम्ही काढतो. यात सगळ्यात नाजूक जवस. शेंगदाण्याचं तेल डब्यात दोन-तीन महिने आरामात राहतं. जवसाचं भांडं रात्री पुसायचं राहिलं तर दोन-चार दिवसांत कडेला चिकट पापुद्रा धरतो, नखाने खरवडावा लागतो. रंगारी आणि जुने सुतार हेच तेल लाकडाला लावायचे ते याच गुणामुळे, हवेने वाळतं. मग मला एक कळत नाही. जे तेल स्वतःच हवेने इतकं पटकन खराब होतं, ते यकृतातलं खराब होणं थांबवणार कसं?

खलबत्ता
रविवार, रात्री ११:०५

दादा, हा प्रश्न माझ्या तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारला असता तर मी तिथेच गारद झाले असते.

जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक आम्ल, तीन दुहेरी बंधांचं. रॅडिकल जिथे डसतात ती जागा हीच. म्हणजे तत्त्वतः अशा तेलाने पेशीच्या पडद्यात जास्त जळाऊ लाकूड भरतं. उलट बाजूला हेच मेदाम्ल शरीरात गेल्यावर दाह कमी करणाऱ्या साखळीत काही प्रमाणात शिरतं, आणि तेलासोबत थोडं ई जीवनसत्त्वही येतं. कुठलं पारडं जड होईल ते विष कुठलं, तेल किती ताजं, किती दिवस दिलं यावर ठरतं.

म्हणून कुठल्याही तेलाच्या प्रयोगात मी आधी शोधते ते पेरॉक्साइड मूल्य, म्हणजे प्रयोगाच्या दिवशी तेल किती खवट होतं. बऱ्याच ठिकाणी दिलेलंच नसतं. आम्हीही सुरुवातीला मोजलं नव्हतं. मंडईतून जवस आणला, घाण्यावर तेल काढून आणलं आणि पारदर्शक बाटलीत भरून खिडकीतल्या फळीवर ठेवलं. पश्चिमेची खिडकी, एप्रिल महिना. आता आठवलं की कानाची पाळी गरम होते.

डॉ_पोटभर
सोमवार, सकाळी ७:१५

ओपीडीच्या आधी घाईत लिहितो आहे.

एसजीपीटी ६८ आणि ग्रेड १ हे पुण्यात रोज चार-पाच बघतो. काकांना सांगा, वजन सत्तर किलो असेल तर साडेतीन किलो उतरवा. पाच टक्क्यांनी यकृतातली चरबी हटायला लागते, सात ते दहा टक्क्यांनी सूजही. यावर माणसांवरचा भक्कम पुरावा आहे. सारसबागेतल्या कट्ट्यावर बसण्यापेक्षा रस्ता ओलांडून पर्वतीच्या पायऱ्या चढलेल्या बऱ्या. गुडघे ठीक असतील तरच!

एसजीपीटीबद्दल एक गैरसमज. ते यकृताची ताकद सांगत नाही, किती पेशी फुटताहेत ते सांगतं. यकृत किती काम करतंय हे बघायला अल्ब्युमिन, बिलिरुबिन, प्रोथ्रोम्बिन टाइम. फार बिघडलेल्या यकृतात फुटायला पेशीच उरत नाहीत आणि एसजीपीटी खाली येतं. नातेवाईक खूश होतात, आम्ही घाबरतो.

‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हे तर विसराच. कडुनिंबाच्या बियांचं तेल तान्ह्या बाळांना पाजल्याने झटके, बेशुद्धी आणि यकृतात चरबी साठणं, असे रुग्ण मलेशियातून १९८१ मध्ये नोंदले गेले. आपल्याकडेही झालंय. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं आणि साठाहून जास्त माणसं गेली. तीही बियांचीच तेलं.

आगाऊ_पोर
सोमवार, दुपारी १:४८

खलबत्ता मॅडम, मी सध्या एम.फार्म. दुसऱ्या वर्षाला आहे आणि माझा विषय अगदी हाच!! तेल वेगळं आहे, नाव सांगत नाही, गाइड इथे वाचत असतील. आमच्या पहिल्या बॅचचा निकाल मस्त आलाय. मात्रा वाढवली तसं एसजीपीटी पायरीपायरीने उतरलं, जास्त मात्रेचा गट जवळजवळ सिलीमारिनच्या बरोबरीला. आलेख बघूनच गाइड म्हणाले, लिहायला घे.

नियंत्रण गटाला, म्हणजे तेल न दिलेल्यांना, आम्ही सीएमसीचं पाणी दिलं. यात काही गडबड आहे का? तुम्ही ‘सिद्ध’ अवतरणात टाकलंय म्हणून जरा धडकी भरली.

खलबत्ता
सोमवार, रात्री ९:१२

बाळा, आधी तू जेव. मग वाच.

सीएमसीचं पाणी म्हणजे घट्टसर पाणी. त्यात कॅलरी नाहीत, चरबी नाही. तुझ्या तेलाच्या गटांना दोन-तीन आठवडे रोज चरबी मिळाली, नियंत्रण गटाला पाणी. मग फरक पडला तो तुझ्या तेलातल्या गुणाने, की पोटात चरबी होती म्हणून? तेलाची तुलना तेलाशीच हवी. जे तेल काही करणार नाही असं वाटतं, तेवढ्याच मात्रेत, तेवढेच दिवस, एका गटाला द्यायला हवं. विष तोंडावाटे दिलं असशील तर घोळ आणखी वाढतो, कारण कार्बन टेट्राक्लोराइड तेलात विरघळतं. पोटात आधीच तेल असेल तर ते रक्तात कधी आणि किती जाईल हे बदलू शकतं. पोटात टोचलं असशील तर तेवढं एक वाचलं.

आता पायरीपायरीने उतरलेल्या आलेखाबद्दल. माझाही पहिल्या फेरीत अगदी असाच आला होता. गाइडनी पेढे मागवले होते.

आम्ही कार्बन टेट्राक्लोराइड आणि ऑलिव्ह तेल समभाग मिसळून बीकरमध्ये ठेवलं होतं. दोनशे ग्रॅमच्या उंदराला ०.२ मिली. मे महिना, प्राणीगृहाचा एसी बंद पडलेला म्हणून शेजारच्या खोलीत टोचत होतो, वर पंखा फिरतोय. सिरिंज प्लास्टिकची, एकच, सुई तेवढी बदलायची. क्रम पिंजऱ्यांच्या नंबराने. एक नंबर निरोगी, त्यांना नुसतं ऑलिव्ह तेल वेगळ्या सिरिंजने. दोन नंबर विषाचा, तीन सिलीमारिन, मग चार, पाच, सहा. सहावा म्हणजे जवसाची सगळ्यात मोठी मात्रा.

पाचव्या पिंजऱ्यापाशी दट्ट्या अडकायला लागला. काळं रबर त्या द्रव्याने फुगलं होतं. दाबला की हलायचा नाही, मग एकदम झटक्याने पुढे. थोडं मिश्रण रबराच्या कडेने मागे गळून माझ्या हातमोज्यावर यायचं. मला वाटलं सिरिंज स्वस्तातली आहे. एक-दोनदा शिवी घातली आणि काम उरकलं. दोन तास गेले त्यात.

लक्षात आलं ते तीन आठवड्यांनी, भांडी घासताना. ती सिरिंज ट्रेमध्ये पडली होती, दट्ट्या ओढला तर येईना. मग डोक्यात प्रकाश पडला. ७७ अंशाला उकळणारं द्रव्य, उघडा बीकर, पंखा, दोन तास. वर गळणारा दट्ट्या. म्हणजे दुसऱ्या पिंजऱ्याला पूर्ण विष, सहाव्याला बरंच कमी. माझ्या आलेखातली पायरी जवसाची नव्हती, पिंजऱ्यांच्या नंबराची होती.

दुसऱ्यांदा केलं तेव्हा काचेची सिरिंज, काचेच्या बुचाची बाटली आणि कुठला उंदीर कधी हे चिठ्ठ्या टाकून. स्लाइड वाचणाऱ्या पॅथॉलॉजीच्या मॅडमना गट सांगितले नाहीत, फक्त आकडे. परिणाम पुसून गेला नाही, पण पार उतरला. मधली मात्रा आणि मोठी मात्रा यांत काही फरक राहिला नाही. गाइड म्हणाले, पहिला संच सुंदर आहे, तोच ठेव. तीन दिवस आमचं बोलणं बंद होतं. शेवटी प्रबंधात दुसरा संच गेला आणि पहिला परिशिष्टात, सिरिंजच्या गोष्टीसकट. पेढ्यांचे पैसे त्यांनी परत मागितले नाहीत हे त्यांचं मोठेपण.

तू तुझ्या वहीत बघ. टोचण्याचा क्रम लिहिलायस का? रक्त कोणाचं फुटलं होतं ते लिहिलंयस का? लाल पेशी फुटल्या की एसजीओटी, म्हणजे एसजीपीटीसोबत मोजतात ते दुसरं एन्झाइम, आपोआप चढतं.

आगाऊ_पोर
सोमवार, रात्री ९:३१

क्रम लिहिलेला नाही. पिंजरा १ ते ६. प्लास्टिकची सिरिंज.

जेवण गेलं नाही.

पेठी_पामर
सोमवार, रात्री १०:०३

लेख चांगला, पण एक बोचतं. पंधरा दिवसांत कळेल अशा गोष्टीसाठी छत्तीस उंदीर, त्यात एक बॅच सिरिंजमुळे वाया, म्हणजे बहात्तर. आणि असे प्रयोग देशभरातल्या फार्मसी कॉलेजांत दरवर्षी. आज हे बी, उद्या ते बी, विष तेच, निकाल तोच: ‘लक्षणीय घट’. प्राणीक्लेश प्रतिबंधक कायदा १९६० चा, कॉलेजात नैतिकता समिती बसते, अर्ज भरले जातात. पण ‘हा प्रयोग कशाला?’ असं विचारणारं त्या समितीत कोणी असतं का? पेशींवर का नाही करत?

खलबत्ता
सोमवार, रात्री १०:४०

बोचायलाच हवं. मलाही बोचतं. बहात्तर हा आकडा मी कधी मोठ्याने उच्चारला नव्हता.

समितीत बाहेरचा माणूस असतो, प्रश्न विचारतोही. माझ्या वेळी विचारला होता, “सहाच का, चार का नाही?” माझं उत्तर होतं, “सगळे सहाच घेतात.” त्यावर ते हसले आणि सही केली. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तत्त्वं, शक्य तिथे प्राणी टाळा, संख्या कमी करा, यातना कमी करा, ही मी परीक्षेत घोकून लिहिली होती. संख्या हिशेबाने ठरवायची असते हे नोकरीला लागल्यावर कळलं.

पेशींचं म्हणाल तर, प्रयोगशाळांत सर्रास वापरतात त्या यकृताच्या पेशींना हेपजी-टू म्हणतात. त्यांच्यात ते सीवायपी-टू-ई-वन एन्झाइम जवळपास नसतंच. मग कार्बन टेट्राक्लोराइड टाकलं तरी ते विष बनणार कसं? उंदराच्या यकृताचे ताजे पातळ काप वापरता येतात, एका यकृतात बरेच काप होतात. त्यालाही एक उंदीर लागतोच, पण सहा पिंजरे लागत नाहीत.

कुटकी_कडू
मंगळवार, सकाळी ८:२०

मी वैद्य आहे, नारायण पेठेत बसतो. धागा आवडला, पण एक बाजू राहिली असं वाटतं. आमच्याकडे यकृतासाठी म्हणून बियांचं तेल सहसा कुणी देत नाही. कुटकी, भुईआवळा, काडेचिराईत ही नावं आधी येतात. कुटकीवर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत पिक्रोलिव्ह म्हणून बरंच काम झालं, तेही उंदरांवर याच विषाने सुरू झालं होतं. तेव्हा ‘बाटलीवर लिहिलंय म्हणून आयुर्वेद’ असं कृपया समजू नये.

आणि डॉ_पोटभर, गुळवेलीचं आता काढालच, म्हणून मीच काढतो!

डॉ_पोटभर
मंगळवार, दुपारी २:५५

काढणारच होतो वैद्यबुवा. :)

इतरांसाठी: २०२० च्या शेवटी मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं, २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वनस्पती नीट ओळखलेली नाही, दुसरीच जात असू शकते. दोन्हींतून मी एवढंच घेतलं की रुग्णाला ‘आणखी काय घेता?’ हे दोनदा विचारायचं. पहिल्यांदा ‘काही नाही’ म्हणतात. दुसऱ्यांदा बायको सांगते.

कावीळ झाली की पुणेकर माळ घालतात, गावाकडून औषध आणतात आणि बरेही होतात. बरे होतातच. हिपॅटायटिस ए आणि ई हे दूषित पाण्याचे विषाणू, बहुतेकांना काही आठवड्यांत सोडून जातात. आपल्या पाषाणच्या आणि कॅम्पातल्या विषाणू संस्थेने या ई वर किती वर्षं काम केलंय. गरोदर बाईला मात्र हाच ई जिवावर उठतो, तिथे माळेची वाट बघू नका. खलबत्ता ताईंच्या उंदरांचंही तेच आहे ना? एकदाच विष दिलं तर आठवडाभरात यकृत आपोआप भरून येतं.

खलबत्ता
मंगळवार, संध्याकाळी ६:१०

अगदी. म्हणून तर चोवीस तासांचा हट्ट. आठ दिवसांनी बघितलं तर पाणी प्यायलेला उंदीरही बरा झालेला दिसतो, आणि ते पाणी ‘यकृतरक्षक’ म्हणून बाटलीत भरता येईल.

वैद्यबुवा, बाजू मान्य. बाटलीवर आयुर्वेद असं कुठेही लिहिलेलं नाही, नुसतं पान छापलंय.

घाणेवाल्या दादांना एक गंमत सांगायची राहिली. ज्या सिलीमारिनशी आम्ही सगळे तुलना करतो ते दुधी काटेरी झाडाच्या (मिल्क थिसल) बियांतूनच येतं. पण ते तेलात नसतं! आधी बी दाबून तेल काढून टाकतात, मग उरलेल्या पेंडीतून अॅसिटोन किंवा अल्कोहोलने ते ओढतात. युरोपात विषारी अळंबी खाल्लेल्यांना त्यातलाच सिलिबिनिन शिरेतून देतात. म्हणजे आमच्या या क्षेत्रातलं सगळ्यात नावाजलेलं बी, आणि औषध त्याच्या पेंडीत.

घाण्याचा_बैल
मंगळवार, रात्री ८:४४

म्हणजे आम्ही तेल विकतो आणि औषध म्हशीला घालतो!

चिंच_गूळ
मंगळवार, रात्री ९:०२

मग साजूक तूप बरं का? त्यात ते तीन-तीन दुहेरी बंध नसतात म्हणे. विचारतेय कारण घरी ‘तुपाने लिव्हर सुजतं’ विरुद्ध ‘तूप म्हणजे अमृत’ असा रोजचा सामना असतो.

खलबत्ता
मंगळवार, रात्री ९:५०

हा प्रश्न तुमच्या सासूबाईंना वाचायला देऊ नका. १९८० च्या दशकात उंदरांना दारूसोबत वेगवेगळी चरबी देऊन पाहिली गेली. मक्याचं तेल दिलेल्यांचं यकृत बिघडलं. गोमांसाची चरबी, म्हणजे संतृप्त चरबी, दिलेल्यांचं बरंच वाचलं. डसायला दुहेरी बंधच कमी, हे त्याचं एक कारण असावं. दारू तेच सीवायपी-टू-ई-वन वाढवते, हेही यात आलं. जुन्या काळी कार्बन टेट्राक्लोराइड हाताळणाऱ्या कामगारांत दारू पिणाऱ्यांना जास्त इजा व्हायची ती याचमुळे.

पण हे नळीने दारू पाजलेल्या उंदरांचं आहे. फॅटी लिव्हरच्या माणसाला तूप वाढवायला सांगायचं म्हणजे मी ज्याबद्दल काकांना रागावले तेच उलट्या दिशेने करणं. दोन्ही पक्षांना मीठ-भाकरी द्या.

पेठी_पामर
मंगळवार, रात्री १०:१५

या धाग्यात पहिल्यांदाच उंदरांना कोणी काही चांगलं खायला घातलं.

आगाऊ_पोर
बुधवार, रात्री ११:२०

अपडेट. गाइडना सांगितलं. आधी चिडले, मग म्हणाले सिरिंज दाखव. टाकली नव्हती, नशीब. त्यांनी स्वतः दट्ट्या ओढून बघितला, नाही आला. दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, समितीकडे नवीन अर्ज करू, गट कमी करू, मधली मात्रा काढून टाकू आणि तिच्या जागी खोबरेल तेलाचा गट घेऊ. तेलाचं पेरॉक्साइड मूल्यही काढायचं. सहा महिने पुढे गेलं माझं. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

खलबत्ता
गुरुवार, सकाळी ६:५०

तुझ्या गाइडना माझा नमस्कार सांग. बाबांशी बोलताना सिरिंज बरोबर ने.

काकांकडे काल जाऊन आले. चार चमच्यांचा हिशेब त्यांनी शांतपणे ऐकला, मग विचारलं, “म्हणजे उंदीर वाचले की नाही?” मी म्हटलं, नाही, शेवटी सगळ्यांनाच मारावं लागतं. ते गप्प झाले. काकू आतून म्हणाल्या, “बघा, आणि तुम्ही तेल प्यायला निघालात.” पर्वती मान्य नाही, गुडघे. सारसबागेला मात्र दोन फेऱ्या मारणार आहेत, कट्ट्यावर बसायच्या आधी. पुन्हा तपासणी तीन महिन्यांनी.

बाटली अर्धी उरली आहे. दोनशे रुपये दिलेत म्हणून टाकायची त्यांची तयारी नाही. त्यांच्या ओटीवर सागवानी झोपाळा आहे, पार सुकलेला. दादा, त्याला हे लावलं तर चालेल?

घाण्याचा_बैल
गुरुवार, सकाळी ९:३०

झकास चालेल. आधी पॉलिश पेपरने घासून धूळ पुसून घ्या. तेल अगदी पातळ लावायचं, सुती फडक्याने, अर्ध्या तासाने वरचं जास्तीचं पुसून काढायचं. नाहीतर चिकट राहतं आणि काकांचं धोतर झोपाळ्याला! एक हात वाळायला दोन-चार दिवस जातात, असे तीन हात द्या.

आणि ते फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना गरम होतं, बोळा असेल तर उष्णता आतच कोंडते आणि आपोआप पेट घेतो. आमच्याकडे एकदा पोतं धुमसलं होतं. फडकं पाण्यात बुडवायचं आणि दोरीवर एकेरी पसरून वाळत घालायचं. काकूंना सांगा, काका विसरतील.